अंकांत दडलेली अक्षरे



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, महागाई किंवा संप यांवर बोलणार, अशी आपली समजूत असणे साहजिक आहे. आजचा विषय वरवर पाहता निराळा आहे. संगणकाच्या अक्षर-संकेतांवर रचलेली कोडी आणि ती सोडवणारी माणसे यांचा थोडा इतिहास मी सांगणार आहे. मी कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नाही. नगर वाचनालयात बसून जे वाचले आणि युनियनच्या कामात जे उमगले तेवढ्याच भांडवलावर बोलतो आहे. तरीही हा विषय मला परका वाटत नाही. तो का वाटत नाही, ते ओघात येईलच.

आधी एक कोडेच आपल्यापुढे ठेवतो. ८५, ७८, ७३, ७९, ७८. या पाच आकड्यांत एक इंग्रजी शब्द दडलेला आहे आणि तो माझ्या तोंडी रोज असतो. ज्यांना तो एव्हाना कळला असेल त्यांनी कृपा करून शेजाऱ्याला सांगू नये. इतरांनी आकडे टिपून ठेवावेत. पुढे आपण सगळे मिळून ते सोडवू.

आता पहिला प्रश्न असा की, आकड्यांत अक्षर मुळात येते कसे? यंत्राला ‘अ’ कळत नाही आणि ‘क’ही कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात : वीज आहे किंवा नाही, कागदाला भोक आहे किंवा नाही. तेव्हा अमुक भोके म्हणजे अमुक अक्षर, असे माणसांनी आधी आपापसांत ठरवावे लागते. हे जे ठरवणे, त्यालाच संकेत म्हणायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर संकेत हा एक करार आहे. दोन्ही पक्षांना करार माहीत असला की मजकूर वाचता येतो. एका पक्षाला तो माहीत नसला की त्याच मजकुराचे कोडे होते. म्हणून कोडे सोडवणे म्हणजे जादू नव्हे. न पाहिलेल्या कराराची कलमे त्याच्या खुणांवरून शोधून काढणे, एवढाच त्याचा अर्थ.

या खुणा राहतात कोठे, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८७४ साली एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रज्ञाने पाच खुणांचा संकेत आपल्या नावे नोंदवला. प्रत्येक अक्षराला पाचच खुणा आणि प्रत्येक खूण दोन प्रकारची. त्यामुळे एकंदर बत्तीस जुळण्या होतात. पाच खुणा का? तर त्याच्या यंत्राला पाच कळा होत्या, त्या दोन हातांच्या पाच बोटांनी एकदम दाबायच्या होत्या, आणि तारवाल्याला यंत्राच्या ठेक्यावर काम करायचे होते. म्हणजे संकेताचा आकार माणसाच्या हाताला धरून ठरला. पुढे १९०१च्या सुमारास डोनाल्ड मरे या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या गृहस्थाने यंत्राला टंकलेखनाच्या कळा जोडल्या आणि अक्षरांची वाटणी नव्याने केली. जी अक्षरे इंग्रजीत वारंवार येतात त्यांना त्याने कमीत कमी भोके दिली. ‘ई’ला एक भोक, ‘टी’ला एक भोक. यामुळे यंत्राची झीज कमी होते, हा त्यातला हिशेब. या वाटणीतूनच पुढे दूरमुद्रकाचा, म्हणजे टेलिप्रिंटरचा, आंतरराष्ट्रीय संकेत तयार झाला.

बत्तीस जुळण्यांत सव्वीस अक्षरे बसतात, पण आकडे आणि विरामचिन्हे बसत नाहीत. त्यावर तोड अशी काढली की, दोन जुळण्या ‘आता आकडे सुरू’ आणि ‘आता पुन्हा अक्षरे सुरू’ असे सांगण्यासाठी राखून ठेवायच्या. टंकलेखन यंत्रावर मोठ्या अक्षरांसाठी निराळी कळ असते, तसाच हा प्रकार. ही दोन बदल-चिन्हे कृपया लक्षात ठेवावीत. एका महायुद्धाच्या गोष्टीत ती मोठे काम करणार आहेत.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ‘एनिग्मा’ या गुप्तलेखन यंत्राचे नाव आपण ऐकले असेल. परंतु हिटलर आणि त्याचे सेनापती यांच्यामधले सर्वांत वरिष्ठ पत्रव्यवहार दुसऱ्याच यंत्रावर चालत. लोरेन्झ कंपनीचे ते यंत्र दूरमुद्रकाला जोडलेले असे. इंग्रजांनी त्या साऱ्या प्रकाराला ‘टनी’ असे एका माशाचे नाव ठेवले होते. हे यंत्र मूळ अक्षरात एक चोर-अक्षर मिसळून ते पाठवी. मिसळण्याचा नियम इतका सोपा आहे की तो येथे बसल्या बसल्या करून पाहता येईल. भोक असेल तेथे १ लिहा आणि नसेल तेथे ०. दोन अक्षरे एकाखाली एक लिहा. वरखाली सारखे असेल तर ०, वेगळे असेल तर १. ‘ए’ म्हणजे ११०००. चोर-अक्षर ‘एफ’ म्हणजे १०११०. मिसळून येते ०१११०, आणि ते ‘सी’चे चिन्ह आहे. म्हणजे ‘ए’ लिहिले आणि ‘सी’ गेले. पलीकडच्या टोकाला तसेच यंत्र ‘सी’मध्ये पुन्हा ‘एफ’ मिसळते : ०१११० आणि १०११० यांचे होते ११०००. ‘ए’ परत हजर! एकदा मिसळले की झाकते आणि तेच दुसऱ्यांदा मिसळले की उघडते, ही या नियमाची खुबी.

चोर-अक्षरांची माळ बारा चाकांतून तयार होई, आणि चाकांवर मिळून ५०१ खुंट्या असत. ती माळ पुन्हा पहिल्यासारखी यायला इतका काळ लागे की, वाट पाहण्यात अर्थच नव्हता. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे ही कोडी फोडण्याचे काम चाले. तेथल्या लोकांजवळ बिनतारी संदेशांतून टिपलेली निरर्थक अक्षरे तेवढी होती. यंत्र कोणी पाहिले नव्हते, चित्र नव्हते, हेराने आणलेला नकाशाही नव्हता.

३० ऑगस्ट १९४१ रोजी अथेन्सहून व्हिएन्नाला सुमारे चार हजार अक्षरांचा एक संदेश गेला. पलीकडच्याला तो नीट मिळाला नाही. त्याने पुन्हा पाठवण्यास सांगितले. नियम असा होता की, दुसऱ्या खेपेला चाके निराळ्या जागी लावावीत. पाठवणाऱ्या कारकुनाने चाके पहिल्याच जागी लावली. शिवाय चार हजार अक्षरे पुन्हा बडवायची म्हणून त्याने जागोजागी शब्द तोडले. आरंभीच ‘संदेश क्रमांक’ अशा अर्थाचा जर्मन शब्द होता. पहिल्या खेपेला तो पूर्ण लिहिलेला होता. दुसऱ्या खेपेला ‘नुमर’ या भागाची त्याने दोनच अक्षरे केली.

यातली गंमत पाहा. दोन्ही खेपांना मजकूर अक्षरशः एकच असता तर शत्रूच्या हाती काहीच लागले नसते, कारण दोन्ही कागद सारखेच दिसले असते. मजकूर निराळा आणि चाकेही निराळी असती तरी काही लागले नसते. पण चोर-अक्षरे तीच आणि मजकूर किंचित सरकलेला, असे झाले. दोन्ही झाकलेले संदेश एकमेकांत मिसळले की, मघाच्या नियमाने चोर-अक्षरे नाहीशी होतात आणि दोन खऱ्या मजकुरांची मिसळ उरते. एकातला शब्द अंदाजाने ओळखला की दुसऱ्यातला उघडा पडतो. तो अर्थपूर्ण असेल तर अंदाज बरोबर. जॉन टिल्टमन या अनुभवी अधिकाऱ्याने दहा दिवस बसून दोन्ही मजकूर वेगळे केले. त्यातून चोर-अक्षरांची सुमारे चार हजारांची माळ हाती आली.

आता खरे कोडे पुढे होते. ही माळ कोणत्या यंत्राने ओवली? हे काम बिल टट नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे आले. न्यूमार्केट गावच्या एका माळ्याचा हा मुलगा. शिष्यवृत्तीवर शिकला, केंब्रिजला आधी रसायनशास्त्र शिकला आणि मग गणिताकडे वळला. त्याने प्रत्येक अक्षराच्या पाच खुणांपैकी फक्त पहिली खूण घेतली आणि तेवढ्याचीच रांग कागदावर लिहायला सुरुवात केली. अमुक अंतराने नवी ओळ सुरू करायची आणि उभ्या रांगांत काही पुन्हा येते का ते पाहायचे. चाक फिरून पूर्ववत झाले की खुणा पुन्हा यायलाच पाहिजेत. संदेशांच्या आरंभीच्या अक्षरांवरून त्याने तर्क केला आणि ५७५ची ओळ धरली. उभ्या रांगांत काही जमले नाही, पण तिरप्या रेषेत पुनरुक्ती दिसू लागली. म्हणजे ओळ एकाने लांब होती. खरा आकडा ५७४. आता ५७४ला ४१ने भाग जातो. त्याने ४१ची ओळ धरली, आणि पुनरुक्ती दाटून आली. पहिल्या चाकाला ४१ खुंट्या होत्या! ही एक वीट निखळल्यावर सहकाऱ्यांनी मिळून जानेवारी १९४२पर्यंत बाराही चाकांची रचना शोधून काढली. ते यंत्र त्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळाले ते १९४५ साली, युद्ध संपतेवेळी.

मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा माझ्या मनात त्या अनामिक कारकुनाचा विचार बराच वेळ घोळत राहिला. यंत्र बनवणाऱ्यांनी खुंट्यांचा हिशेब चोख केला होता. एकच काम दोनदा करावे लागणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता. कारखान्यात आम्ही नेहमी पाहतो की, काम ज्या रीतीने व्हावे असे कागदावर लिहिलेले असते आणि ज्या रीतीने ते खरोखर होते, यांत एक फट असते. कोडे सोडवणारा त्याच फटीतून आत शिरतो.

अशीच दुसरी फट त्या बदल-चिन्हांची. पूर्णविराम द्यायचा तर जर्मन कारकुनाला आधी ‘आकडे सुरू’ हे चिन्ह, मग पूर्णविरामाची कळ, मग ‘अक्षरे सुरू’ हे चिन्ह आणि मग मोकळी जागा, अशा कळा दाबाव्या लागत. बिनतारी संदेशात एखादे चिन्ह गळाले तर पुढची सगळी ओळ आकड्यांची होऊन बसे. म्हणून जपून काम करणारे कारकून बदल-चिन्ह दोनदा दाबत. सवय चांगली, कामसू माणसाची. पण तिच्यामुळे मजकुरात एकापुढे एक सारखी चिन्हे वरचेवर येऊ लागली. नोव्हेंबर १९४२मध्ये टटने दाखवून दिले की, प्रत्येक चिन्ह पुढच्या चिन्हात मिसळून पाहिले तर अशा जोड्या कोऱ्या होतात. शिवाय यंत्राच्या चाकांचा एक संच अधूनमधून थांबत असल्यामुळे तेवढ्या ठिकाणी त्याचाही अडथळा नाहीसा होतो. पहिल्या दोन चाकांची जागा बरोबर धरली तर कोऱ्या जागा निम्म्याहून किंचित जास्त भरतात. चुकीची धरली तर निम्म्याच्या आसपास राहतात. केवळ मोजदाद करून चाकांची जागा ठरवता येते!

पण मोजायचे किती? ४१ खुंट्यांचे एक चाक आणि ३१चे दुसरे, म्हणजे १,२७१ जागा. प्रत्येक जागेसाठी हजारो अक्षरे. हाताने हे करायचे तर उत्तर येईपर्यंत लढाई होऊन जायची. यंत्र हवे होते. पहिले यंत्र केले त्यात कागदाच्या दोन छिद्रपट्ट्या एकदम धावत. त्या ताणल्या जात, फाटत आणि एकमेकींशी जुळेनाशा होत. तेव्हा टॉमी फ्लॉवर्स हा टपाल खात्याचा अभियंता पुढे आला. लंडनच्या पॉप्लर भागातल्या गवंड्याच्या या मुलाने वुलिच येथील सरकारी शस्त्रकारखान्यात उमेदवारी केली होती आणि रात्रीच्या वर्गाला जाऊन पदवी मिळवली होती. त्याचे म्हणणे असे की, चाकांची माळ कागदावर हवीच कशाला? ती विजेच्या नळ्यांतून, म्हणजे व्हॉल्व्हांतून, निर्माण करता येईल. वरिष्ठांना ते पटेना. एक-दोन व्हॉल्व्ह रोज जळतात. तेथे हजार-दीड हजार एकत्र चालणार कसे? फ्लॉवर्सला टेलिफोन केंद्रातल्या कामावरून पक्के ठाऊक होते की, व्हॉल्व्ह चालू-बंद करताना जळतात, सतत चालू ठेवले तर टिकतात. हे ज्ञान पुस्तकातले नव्हते, हाताखालून गेलेल्या कामाचे होते. त्याने डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात सहकाऱ्यांसह हे यंत्र बांधायला घेतले, आणि त्यासाठी पदरचे पैसेही घातले. जानेवारी १९४४मध्ये ते ब्लेचलीला आले. त्याचे नाव ‘कोलोसस’. सेकंदाला पाच हजार अक्षरे ते वाची. मघाचा हिशेब करून पाहा : पाच हजार अक्षरांचा संदेश आणि १,२७१ जागा, म्हणजे १,२७१ सेकंद. एकवीस मिनिटांचे काम! सुधारलेले दुसरे यंत्र १ जून १९४४ रोजी चालू झाले. पाचच दिवसांनी, ६ जूनला, दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे उभी राहिली होती.

ही यंत्रे पाळ्यापाळ्यांनी रात्रंदिवस चालवीत त्या मुली. नौदलाच्या स्त्री-शाखेतल्या अडीचशेहून अधिक तरुणी या विभागात काम करीत. पट्टी चिकटवून तिचे अखंड वळे करणे, ते चाकांवर चढवणे, खटके लावणे, आकडे टिपणे हे त्यांचे काम. सांधा नीट बसला नाही तर सुसाट पट्टी फाटे आणि सगळे पुन्हा करावे लागे. आणि यंत्राने काही चाकांची जागा सांगितली तरी काम संपत नसे. उरलेली उकल दुसऱ्या विभागातली माणसे जर्मन भाषेच्या ज्ञानावर कागद-पेन्सिलीने करीत.

मग लढाई संपली. बहुतेक यंत्रे मोडून टाकली गेली. फ्लॉवर्सला नकाशे नष्ट करण्याचा हुकूम झाला आणि त्याने ते भट्टीत जाळले. त्याला एक हजार पौंडांचे बक्षीस मिळाले. पदरचा खर्चही त्यात भरून निघाला नाही. पुढे तसेच यंत्र बांधण्यासाठी त्याने बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितले, तर असे यंत्र चालणार नाही म्हणून ते नाकारण्यात आले. आपण अशी यंत्रे बांधली आहेत, हे तो गुप्ततेच्या कायद्यामुळे सांगू शकत नव्हता. जगाच्या पुस्तकांत पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान अमेरिकेच्या ‘एनिॲक’ला मिळत राहिला. १९७०नंतर हळूहळू ही गोष्ट उघड होऊ लागली. फ्लॉवर्स १९९८ साली वारला आणि टट २००२ साली. त्या मुलींपैकी कितीतरी जणींनी आपण युद्धात काय केले ते घरच्यांनाही तीस वर्षे सांगितले नाही. गुप्ततेची गरज लढाईपुरती समजता येते. परंतु श्रमाचा इतिहास इतकी वर्षे कुलपात राहिला की त्याचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर चढते, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

या कोड्याला एक खेळीमेळीचा शेवटही आहे. कोलोससची प्रतिकृती जुन्या तुटपुंज्या कागदांवरून ब्लेचलीला पुन्हा उभारण्यात आली. नोव्हेंबर २००७मध्ये जर्मनीतल्या पाडरबॉर्न येथील संगणक-संग्रहालयातून जुन्या लोरेन्झ यंत्रावर संदेश पाठवून तो फोडण्याची खुली स्पर्धा ठेवली. बॉन शहरातल्या योआखिम श्यूट या गृहस्थाने घरच्या लहान संगणकावर स्वतः आज्ञावली लिहून तो आधी फोडला, आणि जुन्या यंत्राला मागे टाकले. त्याची रीत मात्र टटच्याच पायावर उभी होती.

आता आपल्या पाच आकड्यांकडे येऊ. दूरमुद्रकाची पाच भोके संगणकाला अपुरी पडू लागली. प्रत्येक कारखानदार आपला वेगळा संकेत वापरी, आणि एका यंत्राचा मजकूर दुसऱ्याला कळेना. तेव्हा १९६३ साली अमेरिकेत सात खुणांचा समाईक संकेत ठरला. ‘अ‍ॅस्की’ हे त्याचे नाव. सात खुणांच्या १२८ जुळण्या, शून्यापासून १२७पर्यंत. यातही कामाच्या खुणा दिसतात. १२७ म्हणजे सातही भोके, आणि त्याचा अर्थ ‘खोडले’. का? कागदाच्या पट्टीवर पाडलेले भोक बुजवता येत नाही. पण उरलेली सगळी भोके पाडून चुकीचे अक्षर रद्द करता येते. आज पट्टी गेली, भोके गेली. खोडण्याची ती खूण संकेतात तशीच आहे.

या करारात मोठ्या लिपीतला ‘ए’ ६५वर आहे आणि ‘झेड’ ९०वर. छोटी लिपी ९७पासून १२२पर्यंत, म्हणजे प्रत्येक अक्षर बरोबर ३२ने पुढे. मोकळी जागा ३२वर. म्हणून कोडे हातात पडले की आधी आकड्यांचा पल्ला पाहावा. सगळे ६५ ते ९०मध्ये असतील तर मोठी लिपी. ९७च्या पुढे असतील तर छोटी. ३२ वारंवार आले तर ती शब्दांमधली अंतरे. नुसती शून्ये आणि एक यांची रांग असेल तर सातसातचे किंवा आठआठचे तुकडे करून पाहावे. आठच्या प्रत्येक तुकड्याच्या आरंभी शून्यच येत असेल तर वाट बरोबर आहे. टटने ओळीची लांबी शोधली, तेच हे काम, फार लहान प्रमाणावर. आता आपले आकडे. ८५मधून ६४ वजा करा. उरले २१, एकविसावे अक्षर ‘यू’. ७८चे १४, ‘एन’. ७३चे ९, ‘आय’. ७९चे १५, ‘ओ’. शेवटी पुन्हा ७८, ‘एन’. शब्द झाला ‘युनियन’. रोज माझ्या तोंडी असतो, असे मी म्हटले होते ते खोटे नव्हते!

हाच खेळ मंगळावरही खेळला गेला. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेचे ‘पर्सिव्हिअरन्स’ हे यान मंगळावर उतरले. त्याच्या हवाई छत्रीवर लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांची विचित्र नक्षी होती. तीत निरोप आहे, असे शास्त्रज्ञांनी सुचवताच लोकांनी काही तासांत तो वाचला. दहादहा पट्ट्यांचे गट, आणि प्रत्येक गटात अक्षराचा अनुक्रमांक. मोठे साहस करा, अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द त्यातून निघाले, आणि बाहेरच्या कड्यात यान बांधणाऱ्या प्रयोगशाळेचे अक्षांश-रेखांश.

श्रोतेहो, ‘हे सगळे इंग्रजीचे झाले, आमच्या मराठीचे काय?’ असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. १२८ जागांच्या त्या करारात आपण कोठेच नव्हतो. भारतीय लिप्यांसाठीचा समाईक संकेत आपल्या मानक संस्थेने १९९१ साली मंजूर केला. त्या कामात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा मोठा वाटा आहे. त्याच साली ‘युनिकोड’ या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीची मांडणी भारतीय संकेताच्या १९८८च्या आराखड्याला धरून झाली. आज देवनागरीच्या जागा २३०४पासून २४३१पर्यंत आहेत. ‘बॅट’मधला आवाज शब्दाच्या आरंभी लिहिण्यासाठी लागणारे ‘ॲ’ हे अखंड अक्षर त्यात २००८ साली आले. घरी मुलांना एक कोडे घालावे : २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. ‘क’ २३२५वर आहे, एवढा धागा पुरे. मात्र काना आणि वेलांटी यांनाही स्वतंत्र आकडे आहेत, हे त्यांना सांगावे.

पण हा करार सर्वत्र रूढ होण्यापूर्वी कित्येक वर्षे मराठी मजकूर निराळ्याच रीतीने टंकला जाई. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले टंक मिळत, आणि प्रत्येकाची बसवण्याची तऱ्हा वेगळी. तो टंक संगणकावर असेल तोवर मराठी दिसे. नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी.

आमच्या युनियनच्या कचेरीत काही वर्षांपूर्वी नेमका हा प्रसंग आला. १९९८ सालच्या एका वेतनकराराची मराठी प्रत हवी होती. निवृत्त होणाऱ्या सोळा जणांच्या सेवाकाळाची मोजणी तिच्यातल्या एका कलमावर अवलंबून होती. कागदाची प्रत पावसाळ्यात भिजून गेलेली. संगणकातली प्रत उघडली तर सगळी खिचडी. एका कामगाराची मुलगी बारावीत शिकत होती. ती म्हणाली, “काका, यात सगळ्यांत जास्त वेळा काय येतंय ते आधी मोजू या.” एक चिन्ह जागोजागी येत होते, तो काना असावा असे धरले. वाक्यांच्या शेवटी तोच तोच दोन-तीन चिन्हांचा पुंजका होता, तो ‘आहे’. मग मथळ्यात जेथे ‘करारनामा’ असायलाच हवा तेथून ‘क’, ‘र’, ‘न’, ‘म’ मिळाले. सह्यांच्या जागी आम्हांला पाठ असलेली नावे होती. त्यांनी बाकीची अक्षरे दिली. दोन संध्याकाळी गेल्या आणि कलम वाचता आले. सोळा जणांचे काम झाले. त्या मुलीला ब्लेचलीचे नावही माहीत नव्हते. पण रीत तीच होती. वारंवार काय येते ते मोजा, जे असायलाच हवे ते धरून पाहा, आणि अर्थ लागला तरच पुढे जा.

यातून मला जे सांगायचे ते थोडक्यात सांगतो. संकेत हा करार आहे, आणि करार सर्वांना ठाऊक असेल तरच मजकूर सर्वांचा राहतो. छत्रीवरचा निरोप काय किंवा मुलांना घातलेले कोडे काय, ते सोडवणे हा निखळ आनंद आहे. परंतु सातबाराचा उतारा, भविष्यनिधीचा हिशेब, वेतनकराराचे कलम यांचे कोडे होता कामा नये. ज्या संस्थांच्या कपाटांत आणि जुन्या संगणकांत अशी खिचडी पडून आहे – सहकारी सोसायट्या, वाचनालये, शाळा, युनियन – त्यांनी ती आजच्या समाईक संकेतात उतरवून ठेवावी. जुने टंक ओळखणारी माणसे हयात आहेत तोवर हे काम सोपे आहे. त्यांच्यामागून ते टटच्या तोडीच्या माणसाचे काम होईल, आणि टट काही प्रत्येक गावात जन्माला येत नाही.